कोंडाबाईची पेटी आणि तुर्कांची जहाजं

मुदखेड स्टेशनाबाहेर गाड्यावर उभा राहून मी भजी खात होतो आणि भज्यांखालच्या कागदावर तुर्की सुलतानाची फौज कुस्तुंतुनियाच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, तटाला भिडली होती. कागद तेलानं इतका भिजला होता की मागच्या पानावरचा मजकूरही इकडून दिसत होता. उर्दू छपाई, जाड कागद, कडेला वेलबुट्टी, खालच्या कोपऱ्यात एका बुरुजाचं अर्धं चित्र. उरलेलं अर्धं बहुधा माझ्या आधीच्या गिऱ्हाईकाच्या वाट्याला गेलं होतं.

मी भजीवाल्याला विचारलं, असले कागद आणखी आहेत का. त्यानं झारा न थांबवता माझ्याकडे पाहिलं.

"भजी खायचीत का कागूद वाचायचाय?"

"दोन्ही."

"मंग आधी भजी खा. कागूद कुठं पळून चालला न्हाई."

कागद पळून जात नाही हे खरं. पण तो जळतो, भिजतो, कुजतो आणि शेवटी भज्यांखाली जातो, हे मी तोवर चांगलंच शिकलो होतो.

माझा धंदा जुन्या पुस्तकांचा. नांदेडला वजिराबादेत पत्र्याचं दुकान होतं. लोक त्याला रद्दीचं दुकान म्हणायचे आणि मी चिडायचो. पुढे चिडणं सोडलं, कारण पोट भरायचं ते खरोखरच अर्ध्या किमतीच्या शाळेच्या पुस्तकांवर. जून महिन्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. उरलेले अकरा महिने मी माझ्या आवडीच्या कामाला मोकळा. आवडीचं काम म्हणजे गावोगाव हिंडून माळ्यांवरची, पेट्यांमधली, भिंतीतल्या फडताळांमधली पुस्तकं शोधायची.

वडील बाइंडिंग करायचे. आमच्या वस्तीत पुस्तकं येत ती दुरुस्तीला, आणि जात ती दुसऱ्यांच्या घरी. वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, पुस्तक आधी हुंगायचं, मग उघडायचं. वाळवीचा वास मातकट असतो, ओलीचा आंबूस, आणि चांगल्या जुन्या कागदाचा वास भाजलेल्या हरभऱ्यासारखा. दुसरी, हात धुतल्याशिवाय पुस्तक धरायचं नाही. ते म्हणायचे, पुस्तकाचे वैरी दोनच, वाळवी आणि जेवून उठलेला माणूस. निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू घ्यावी लागायची, म्हणून मला ती लिपी आली. राज्य गेलं, लिपी डोक्यात राहिली. त्यावर मी पुढे जन्मभर भाकरी खाल्ली.

आता नांदेड-लातूरकडे तुर्कांची पुस्तकं कशी, असं पुण्या-मुंबईचे लोक मला विचारतात. त्यात नवल काही नाही. इथला सगळा कारभार उर्दूत होता. हैदराबादच्या छापखान्यांत जगाचा इतिहास उर्दूत छापला जायचा आणि तालुक्याच्या साहेबलोकांना तो घरी ठेवण्याची हौस होती. तुर्कस्तानच्या खलिफाचं नाव तेव्हा इकडं फार मोठं. निजामाच्या घरात तर सुनाच तुर्की राजघराण्यातल्या आल्या. हजला गेलेलं कुणी येताना इस्तंबूलचं छापील पुस्तक घेऊन यायचं. पोलीस अ‍ॅक्शननंतर पुष्कळ साहेबलोक गाव सोडून गेले. घोडे गेले, बग्ग्या गेल्या, पुस्तकं राहिली. पुस्तकं जड असतात, आणि घाईत निघालेला माणूस जड वस्तू मागे ठेवतो.

ही पुस्तकं माझ्याकडून घेणारं गिऱ्हाईक एकच होतं, पण ते दहांच्या बरोबरीचं. उदगीरचे बिराजदार गुरुजी. लिंगायत माणूस, कपाळाला भस्म, घरात कानडी, शाळेत मराठी आणि पिशवीत कायम एखादं उर्दू पुस्तक. एसटीनं नांदेडला यायचे, दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि पाणीसुद्धा न मागता विचारायचे, "तुर्कांचं काही आलं का?" आलं असलं की खूश होऊन कानडीत पुटपुटायचे. नसलं की गेल्या खेपेला नेलेल्या पुस्तकातला एखादा वजीर माझ्यापुढे उभा करायचे.

मी एकदा वैतागून विचारलं, गुरुजी, तुमचा आणि तुर्कांचा संबंध काय? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सोनकांबळे, त्या देशानं एका झटक्यात लिपी बदलली. आज्याचं पुस्तक नातवाला वाचता येईना. आपल्या इकडं काय वेगळं झालं? माझ्या वर्गातल्या पोरांना त्यांच्याच आज्याचा सातबारा वाचता येत न्हाई. त्यांनी पुढं काय केलं, ते मला बघायचंय." त्या दिवसापासून मी त्यांना वजिरांवरून टोकणं बंद केलं.

तर मुदखेडची भजी. साल दुष्काळाचं होतं. आमच्या इकडे नुसतं दुष्काळ म्हटलं की बाहत्तरचाच. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन माणसं खडी फोडत होती. पुस्तकं कोण विकत घेणार? पण विकायला मात्र फार लोक काढत होते, म्हणून मी गाडीनं फिरत होतो. भजीवाल्यानं गाड्याखालून गठ्ठा काढला. बांधणी तुटलेले दोन भाग, दोन्ही सचित्र, दोन्ही अर्धेच उरलेले. मी त्याला तेवढ्याच वजनाची वर्तमानपत्रं आणून दिली. त्याच्या मते सौद्यात तोच जिंकला, कारण उर्दू कागद तेल लई पितो.

हे आलं कुठून, असं मी विचारलं. सासूच्या घरून, तो म्हणाला. सासू उदगीरच्या अलीकडच्या एका गावात राहते. सासरा एका तहसीलदार साहेबाचा घोडा सांभाळायचा. साहेब गाव सोडून गेले तेव्हा त्यांची पुस्तकं सासूच्या घरात आली. चित्रांची होती ती सासूनं जावयाला देऊन टाकली. बिनचित्रांची पेटीत आहेत. ती ती देत नाही.

"का?"

"ती कुराणं हायत ना," तो म्हणाला. "दर जुम्मेरातला ऊद घालती. आता पेटीला वाळवी लागली. मौलवीला इचारलं तर ते म्हनले, जुनं झालं तर इटंबना होऊ देऊ नये, पान्यात सोडावं. पर हिरीला पानीच न्हाई. पानी आलं की सोडणार हाय."

मौलवींचा सल्ला बरोबर होता. त्यांनी पेटी पाहिली नव्हती, कारण भजीवाल्याची सासू कोंडाबाई ती कुणालाच उघडू देत नव्हत्या. मौलवींनी कुराणाबद्दल सांगितलं आणि बाईंनी पेटीबद्दल ऐकलं. पण माझ्या हातात त्याच संचाचे दोन सचित्र भाग होते. हे दोन भाऊ तुर्कांच्या लढाईतले असतील, तर पेटीत बसलेल्या बाकीच्या भावंडांबद्दल मला फारशी शंका नव्हती.

मी तसाच उदगीरला गेलो आणि गुरुजींना सांगितलं. त्यांनी शाळेतून रजा काढली. एसटी मिळायला दुसरा दिवस उजाडला. त्या दुपारी आभाळात दोनचार ढग जमले होते. सगळा मराठवाडा पावसासाठी डोळे लावून बसला होता आणि मी खिडकीतून ढगांकडे बघत मनात म्हणत होतो, बाबांनो, एवढं एक दिवस थांबा. असं म्हणताना माझी मलाच लाज वाटली. ढग तसेही रिकामेच होते.

कोंडाबाई साठीच्या पुढच्या, काटक, आवाजानं खणखणीत. आम्ही जावयाचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी आत घेतलं. पेटी देवळीखाली लाकडी पाटावर होती. वर हिरवं फडकं, पुढं ऊदाची वाटी. आम्ही उघडायला वाकलो तर म्हणाल्या, "हात धुतल्याबिगर न्हाई."

घरात पाण्याची एकच घागर होती. टँकर दोन दिवसांआड यायचा. त्यांनी तांब्या भरला, आधी गुरुजींच्या हातावर घातला. मग माझं नाव विचारलं. मी सांगितलं. आडनावावरून वस्ती कळते, आणि त्या साली त्या गावात आमच्या माणसांना टँकरपाशीही बाजूला थांबून राहावं लागत होतं, कुणी वाढेल तेव्हा पाणी. बाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी तांब्याच माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "नीट धुवा भाऊ. कोपरापासनं." खाली परात होती. त्यातलं पाणी नंतर शेळीनं प्यालं. मला आजही पुस्तकापुढं हात धुताना तो तांब्या आठवतो.

पेटीतला वरचा थर वाळवीनं भुगा केला होता. खालची पुस्तकं शाबूत होती. मी एकेक हुंगून गुरुजींच्या हातात देत गेलो. उर्दूतले तुर्कांचे इतिहास, फारसीतली एक जुनी शिळाछापाची बखर, आणि अगदी तळाशी इस्तंबूलला छापलेले तुर्की भाषेतले, पण उर्दूसारख्याच जुन्या लिपीतले ग्रंथ, तपकिरी कातड्याच्या बांधणीत. त्यातलं अक्षर न् अक्षर मला वाचता येत होतं आणि एका शब्दाचाही अर्थ लागत नव्हता. बिनचित्रांचे होते म्हणूनच ते भज्यांच्या गाड्यापासून बचावले होते. कोंडाबाईंनी साहेबांच्या बेगमेकडून कधीतरी ऐकलं होतं, आमच्या धर्माच्या पुस्तकात चित्र नसतं. तेवढ्यावरून त्यांनी वाटणी केली होती. चित्रांची भजीवाल्याला, बिनचित्रांची देवाला.

पेटीत कुराण एकही नव्हतं. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कानडीत काहीतरी बोलत होते.

माझ्या डोक्यात मात्र धंदा जागा झाला. सोपं होतं. मावशी, पवित्र ग्रंथ आहेत, तुम्हांला सांभाळणं होत नाही, आम्ही नेऊन चांगल्या जागी ठेवतो, एवढं म्हटलं असतं तर बाईंनी पेटी स्वतः उचलून एसटीत ठेवली असती. मी तोंड उघडणार तेवढ्यात गुरुजींनी माझा गुडघा दाबला.

"मावशी," ते म्हणाले, "खोटं बोलत न्हाई. ह्यात कुराण न्हाई. ही तुर्कांच्या राज्याची पुस्तकं हायत. राजांची, लढायांची."

"एकबी न्हाई?"

"एकबी न्हाई."

मी गुरुजींवर मनातून भयंकर चिडलो. एवढ्या वर्षांचा ऊद, एवढ्या जुम्मेराती, आणि हा मास्तर म्हाताऱ्या बाईला एका वाक्यात उघड्यावर पाडतो. बाई बराच वेळ हिरव्या फडक्याची घडी घालत बसल्या.

"मंग हिरीत टाकायची गरज न्हाई म्हना की," त्या शेवटी म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "बेगमबाई जाताना म्हनली, कोंडा, ही किताबं सांभाळ, आमी येऊ. कुराण सांभाळ असं कुठं म्हनली? म्याच समजून बसले. सांगितलेलं काम तर हुकलं न्हाई."

मी धीर करून विकायचा विषय काढला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. दुसऱ्याची चीज कशी इकू, एवढंच म्हणाल्या. मग गुरुजींकडे वळून त्यांनी वेगळंच मागितलं. इतकी सालं ऊद घातला, आत काय हाय ते तरी कळू द्या.

दारातल्या कडुलिंबाखाली गुरुजी वाचायला बसले. पाझर तलावाच्या कामावरची माणसं दुपारच्या सुट्टीत सावलीला आली होती, तीही टेकली. गुरुजी उर्दू वाचत आणि लगेच आपल्या बोलीत सांगत. सुलतानाला कुस्तुंतुनिया घ्यायचं होतं, पण खाडीच्या तोंडाला शत्रूनं साखळी लावलेली. जहाजं आत जाईनात. मग त्यानं डोंगरावर ओंडके अंथरले, त्यांना चरबी चोपडली आणि जहाजं जमिनीवरून ओढून पलीकडे पाण्यात सोडली.

"जमिनीवरनं जहाजं वढली?" एकानं विचारलं.

"हाव. बैल आणि मानसं लावून."

"मंग आपल्या तळ्यात पानी नसलं तरी चालतंय. सरकारला म्हनावं, जहाज पाठवा, वढाय मानसं इथं लई हायत."

सगळे हसले. कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या सबंध साली मी एवढ्या माणसांना एकदम हसताना दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

आम्ही रिकाम्या हातानं परत निघालो. वाटेत मी गुरुजींना जे बोलायचं ते बोललो. ते म्हणाले, विहिरीतून वाचली की नाही? मग आता कुणाच्या घरात आहेत हा प्रश्न लहान. मला तो लहान वाटत नव्हता, पण मास्तरांशी वाद घालून कोण जिंकलंय.

त्यानंतर दर दिवाळी झाली की मी कोंडाबाईंकडे जायचो. धंद्याच्या हिशेबात हे बसत नव्हतं आणि बायको ते वेळोवेळी बोलून दाखवायची. मी पेटीला पत्रा ठोकला, खाली विटा दिल्या. पुस्तकं सावलीत वाऱ्याला लावायची, पानं सैल करायची, लिंबाचा वाळला पाला घालायचा, तुटल्या शिवणीला नवा दोरा घालायचा. उन्हात ठेवू नका आणि तेलाचा दिवा जवळ नको, हे सांगितलं तर बाईंनी ऊदही अंगणात हलवला. गुरुजी सुट्टीत येऊन वाचून दाखवायचे. गावात पोरं भांडू लागली की बायका म्हणायच्या, आला मोठा सुलतान.

मग लातूर जिल्हा झाला. उदगीर उस्मानाबादेतून निघून लातूरकडे आलं. नवा जिल्हा म्हणजे सगळंच नवं. नवी कार्यालयं, नव्या पाट्या, नवे बंगले. एका कंत्राटदारानं माझ्याकडे दिवाणखान्यासाठी पुस्तकं मागितली, अट एवढीच की पाठ तांबडी असावी, सोफा तांबडा होता. मी त्याला जुन्या कायद्याची पुस्तकं दिली. अजून कुणी ती उघडली असतील असं वाटत नाही, त्यामुळे ती उत्तम स्थितीत असणार.

गुरुजींची नजर त्या सुमारास उतरत चालली होती. आपला संग्रह लातूरच्या एका नव्या वाचनालयाला द्यायचं त्यांनी ठरवलं. इकडे कोंडाबाई थकल्या होत्या. घर गळत होतं आणि लेक-जावई त्यांना मुदखेडला न्यायच्या गोष्टी करत होते. भजीच्या गाड्यावर ती पेटी जाणार, या विचारानं मला घास जाईना. मी आणि गुरुजी त्यांना लातूरला घेऊन गेलो, पेटीसकट, एका जीपमध्ये.

ग्रंथपाल तरुण होता, मन लावून काम करणारा. त्यानं नवी कोरी नोंदवही उघडली आणि विचारलं, खरेदी की देणगी?

"दोनी न्हाई," कोंडाबाई म्हणाल्या. "म्या इकली न्हाई. आन् दुसऱ्याची चीज दान कशी करावं? ठिवायला आनली. बेगमबाई आली तर तिला घावली पायजेत."

तो म्हणाला, आजी, वहीत दोनच रकाने आहेत. त्या उठून पेटीवर बसल्या. वाचनालयाच्या दारात एक म्हातारी पत्र्याच्या पेटीवर बसलेली, बाजूला नजर उतरलेला मास्तर, आणि मी मधे घाम पुसत. शेवटी त्या पोरानं पट्टी घेतली, तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, ठेव. जुन्या जिल्ह्यात हे झालं नसतं. तिथं दोन रकान्यांना शंभर वर्षांची सवय होती.

पुस्तकं कपाटात लागली. गुरुजींची आणि कोंडाबाईंची शेजारी शेजारी. मुदखेडचे तेलकट भागही मी नवी बांधणी करून त्यांत ठेवले. डाग गेले नाहीत, जाणारही नाहीत. ग्रंथपाल कपाट बंद करायला आला तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला.

"हे उघडायचं तर आधी हात धुवायचा. मानूस कुनीबी असू दे."

त्यानं हसून मान डोलावली. मला वाटलं, म्हातारीचं मन राखलं. पण पुढच्या खेपेला गेलो तर कपाटाजवळ रांजण होता आणि त्यावर तांब्या.

बेगमसाहेब आल्या नाहीत. त्यांच्याकडचं दुसरं कुणीही आलं नाही. मी हैदराबादेतल्या ओळखीच्या दुकानदारांकडे पुष्कळ चौकशी केली, पत्ता लागला नाही. कोंडाबाई मुदखेडला लेकीकडे गेल्या. मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न तोच, कुणी आलं का, आणि दुसरा, हात धुतेत का. पहिल्याला मी नाही म्हणायचो, दुसऱ्याला हाव. नंतर त्या वारल्या, आणि गुरुजीही. तुर्कांनी पुढं काय केलं, हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं असेल, पण मला नीट आठवतं ते एकच. ते म्हणायचे, काहींनी जुनी लिपी पुन्हा शिकून घेतली, एवढंच, पण तेवढं पुरतं.

दुकान मी बंद केलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात नातवाच्या कामासाठी लातूरला गेलो होतो, वेळ होता म्हणून वाचनालयात डोकावलो. इमारतीला मजले चढलेत. ग्रंथपाल आता एक तरुण बाई आहे. त्या कपाटापाशी एक मुलगी बसली होती, शेजारी आजोबांच्या शेताचा जुना उर्दू कागद, समोर उर्दू मुळाक्षरांचं पुस्तक, आणि त्याला लागून आमचा तपकिरी इस्तंबूलचा ग्रंथ. कागदातलं एक अक्षर ती ग्रंथातल्या अक्षराशी ताडून बघत होती. बोट ओळीखालून सरकवत, ओठ हलवत. मी नकळत पुढं होऊन शेजारचं पुस्तक काढायला हात घातला.

"काका," ग्रंथपालबाई तिथूनच म्हणाल्या, "त्या कपाटाला हात लावायच्या आधी हात धुवावे लागतात."

मी विचारलं, का बरं? धर्माची पुस्तकं आहेत का?

"नाही, इतिहासाची आहेत," त्या म्हणाल्या. "का ते मलाही माहीत नाही. मी आले तेव्हापासून आहे. इथं सगळेच धुतात."

कोपऱ्यात रांजणाच्या जागी आता नळ होता. मी बाह्या वर केल्या आणि हात धुतले, कोपरापासून.